अलंकार कोणाची बाजू घेतो?

काव्यांतील अलंकार म्हणजे कवितासुंदरीच्या अंगावरील दागिने, ही कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आणि इतकी रूढ आहे कीं, तिच्याविषयीं शंका घेणें हेंच कित्येकांस अरसिकपणाचें वाटेल. दागिना अंगावर असला तर शोभा वाढते, नसला तर देहाचें कांहीं उणें होत नाहीं, आणि प्रसंग पडल्यास तो उतरवून पेटींत ठेवतांही येतो. घरांतील मुलें परीक्षेच्या अभ्यासास बसलीं म्हणजे हीच कल्पना वेगळ्या रूपानें आपल्या कानीं पडते. 'पुढील ओळींतील अलंकार ओळखा' असा प्रश्न, 'उपमा' किंवा 'अनुप्रास' असें एका शब्दाचें उत्तर, आणि त्या शब्दाबद्दल एक गुण! तो अलंकार नेमका त्याच ठिकाणीं कां आला, आणि तो नसता तर अर्थाचें काय झालें असतें, हें त्या मुलास कोणी विचारीत नाहीं. घरांतील वडील माणसेंही बहुधा सांगत नाहींत.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं आम्ही मुद्दाम परक्या काव्याकडे वळत आहों. आपल्या कवींचे श्लोक लहानपणापासून तोंडीं बसलेले असतात. त्यांतील उपमा आपल्या इतक्या अंगवळणीं पडलेल्या असतात कीं, त्या कोणतें काम करितात इकडे आपलें लक्षच जात नाहीं. परक्या घरीं पाहुणे म्हणून गेलों म्हणजे मात्र कोणती वस्तू कोठें व कां ठेविली आहे हें चटकन् डोळ्यांत भरतें. म्हणून आज लॅटिन भाषेंतील महाकाव्याच्या घरीं आमच्या वाचकांस घेऊन जावें असा आमचा विचार आहे.

रोमचा महाकवी व्हर्जिल हा इ. स. पूर्वीं ७० ह्या वर्षीं उत्तर इटलींतील मॅन्च्युआ नगराजवळ जन्मला, आणि इ. स. पूर्वीं १९ मध्यें वारला. त्याचें तारुण्य रोमच्या आपसांतील युद्धांत गेलें. ऑगस्टसच्या विजयानंतर देशांत शांतता झाली, तेव्हां त्यानें 'ईनिड' हें महाकाव्य हातीं घेतलें, आणि आयुष्याचीं शेवटचीं सुमारें ११ वर्षें त्याच कामीं वेंचिलीं. काव्याचे सर्ग १२ आणि ओळी सुमारें ९९००. तरीही तें पुरें झालें नाहीं. पन्नासांहून अधिक ओळी अर्ध्यावरच तुटलेल्या आहेत. मरतांना कवीनें हस्तलिखित जाळून टाकण्याची इच्छा दर्शविली, परंतु ऑगस्टसनें तें राखिलें, असें प्राचीन चरित्रकारांनीं लिहून ठेविलें आहे.

कथा थोडक्यांत अशी. ट्रॉय नगर जळून भस्म होतें. ईनियस आपल्या वृद्ध पित्यास खांद्यावर घेऊन व लहान मुलाचा हात धरून बाहेर पडतो. इटलींत जाऊन रोमच्या वंशाचा पाया घालावा, अशी त्यास देवांची आज्ञा आहे. वाटेंत वादळानें तो कार्थेजच्या किनाऱ्यास लागतो. तेथील राणी डायडो त्याच्यावर अनुरक्त होते. देवाज्ञेनें तो तिला सोडून निघतो व ती आत्मघात करून घेते. पुढें इटलींत तेथील तरुण वीर टर्नस ह्याच्याशीं त्याचें युद्ध होतें, आणि टर्नसच्या वधाबरोबर काव्य संपतें. म्हणजे वरवर पाहतां हें विजेत्याचें काव्य आहे. परंतु त्यांतील अलंकार एकेक करून पाहिले असतां तें एवढेंच नाहीं असें दिसूं लागतें.

प्रथम वृत्ताकडे पाहूं. ह्या काव्याच्या वृत्तास हेक्झामीटर म्हणतात. लॅटिन छंदःशास्त्र हें संस्कृताप्रमाणेंच लघु-गुरूंवर उभारलेलें असल्यामुळें आमच्या वाचकांस तें परकें वाटण्याचें कारण नाहीं. ह्या वृत्ताच्या प्रत्येक ओळींत सहा गण असतात. पहिल्या चार ठिकाणीं एक गुरु व दोन लघु, म्हणजे आपला 'भ' गण तरी यावा, किंवा दोन गुरु तरी यावेत. दोहोंच्याही मात्रा चारच. पांचव्या ठिकाणीं बहुतेक नेहमीं 'भ' गणच येतो, आणि सहाव्यांत दोन अक्षरें असतात. चार मात्रांच्या गणाची ही योजना वाचून मोरोपंतांच्या आर्येची आठवण होणें साहजिक आहे. दोहोंचा कांहीं संबंध आहे असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. पण आर्येची चाल ज्याच्या कानांत आहे, त्यास गण बदलले कीं गति कशी बदलते हें निराळें समजावून द्यावें लागणार नाहीं. लघु अक्षरें अधिक आलीं कीं ओळ धांवते. गुरु अक्षरें अधिक आलीं कीं ती जड पावलें टाकूं लागते.

आतां हें साधन निरनिराळ्या हातीं कसें वागतें तें पाहण्यासारखें आहे. हें वृत्त ग्रीकांकडून लॅटिनमध्यें आणिलें तें इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकांत वारलेल्या एन्नियस नांवाच्या कवीनें. (ईनियस हा कथानायक आणि एन्नियस हा कवी, नांवांतील साम्यामुळें वाचकांनीं घोंटाळा करून घेऊं नये.) हा मोठा प्रतिभावान् पुरुष होता, पण अनुप्रासाचा त्यास मोह फार. त्याची एक ओळ अशी आहे कीं, तींतील जवळजवळ प्रत्येक शब्द 'त' ह्या ध्वनीनेंच सुरू होतो. आणि पुढें एका रोमन अलंकारग्रंथानें तीच ओळ अतिरेकाचें उदाहरण म्हणून दिली. ती ओळ ऐकतांना कवीचें कौशल्य आठवतें, विषय मात्र विसरतो. दागिना म्हणून अलंकार वापरला म्हणजे असें होतें.

व्हर्जिलही ध्वनीचा उपयोग करितो. आठव्या सर्गांत देवांचा लोहार व्हल्कन ह्याच्या भट्टींत राक्षसकाय कामगार घण उचलतात, त्या ओळीचे पहिले चारही गण गुरुमय आहेत. बाहु वर जातांना जड झाल्याचें कानाला कळतें. त्याच सर्गांत घोडे दौडत जातात त्या ओळीचे पहिले पांचही गण 'भ' गण आहेत. टापांचा आवाज शब्दांतूनच उमटतो. शाळेंत ही ओळ ध्वनीच्या अनुकरणाचा नमुना म्हणून शिकवितात, आणि बहुधा तेथेंच थांबतात. परंतु ती ओळ कोठें आली आहे? वृद्ध राजा इव्हँडर आपला एकुलता एक मुलगा पॅलस ह्यास ईनियसबरोबर युद्धास धाडीत आहे. त्याला निरोप देतांना म्हातारा मूर्च्छित पडला आहे. नगराच्या तटावर भयभीत माता उभ्या आहेत, आणि दूर जाणाऱ्या धुळीच्या लोटाकडे टक लावून पाहत आहेत. त्यानंतर ही धांवती ओळ येते. पॅलस परत येणार नाहीं; दोनच सर्गांनंतर टर्नस त्यास मारणार आहे. तेव्हां ती ओळ नुसती घोड्यांची नव्हे. तटावरून पाहणाऱ्या आयांपासून त्यांचीं मुलें किती वेगानें दुरावत आहेत, तें त्या लघु अक्षरांत भरलें आहे.

उपमेकडे वळूं. ग्रीक महाकवी होमर ह्याच्यापासून चालत आलेली ह्या काव्यांतील उपमा आपल्या संस्कृत उपमेहून लांब असते. ती एका श्लोकार्धांत आटपत नाहीं. पांचसहा ओळी घेते व स्वतःच एक लहानसें चित्र होऊन बसते. आठव्या सर्गांतच व्हल्कन मध्यरात्रीनंतर उठून शस्त्रें घडविण्यास जातो, तेव्हां कवी त्यास कोणाची उपमा देतो? सूत कांतून पोट भरणाऱ्या एका गरीब गृहिणीची. ती रात्र सरण्याच्या आधींच उठते, राखेखालचा विस्तव फुंकते, दिव्याच्या उजेडांत दासींना कामास लावते. हेतु एवढाच कीं, पतीच्या शय्येची लाज राखावी व लहान मुलांना वाढवावें. देवाचा लोहार कोठें आणि ही बाई कोठें! पहाटे सर्वांच्या आधीं उठून चूल पेटविणारी आई ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस मात्र हें चित्र परकें वाटणार नाहीं. महायुद्धाचीं शस्त्रें जेथें तयार होत आहेत, तेथें कवीला घर सांवरणाऱ्या स्त्रीची आठवण होते. आणि त्या शस्त्रांनीं कोणाचीं घरें उजाड होणार, हा विचार न सांगतां वाचकाच्या मनांत येतो.

डायडोच्या उपमेंत हें अधिक स्पष्ट होतें. प्रेमानें व्याकुळ झालेली ती राणी नगरांत भ्रमिष्टासारखी फिरूं लागते, तेव्हां कवी म्हणतो कीं ती बाण लागलेल्या हरिणीसारखी दिसते. क्रीट बेटांतील अरण्यांत एका मेंढपाळानें दुरून बाण सोडला. तो हरिणीच्या कुशींत रुतला. ती रानोमाळ धांवते आहे, परंतु बाण निघत नाहीं. इतकी उपमा कोणताही चांगला कवी देईल. व्हर्जिल तींत एक विशेषण अधिक घालतो: तो मेंढपाळ 'अजाण' आहे, आपला बाण लागला हें त्यास ठाऊक नाहीं. त्या एका शब्दांत ईनियसचें सारें वर्तन आलें. तो दुष्ट नाहीं, त्यानें हेतुपूर्वक घात केला नाहीं. पण हरिणी मरणारच. दोष देणाऱ्या दहा श्लोकांनीं जें साधलें नसतें, तें येथें उपमेंतील एका किरकोळ वाटणाऱ्या शब्दानें साधलें आहे.

नवव्या सर्गांत युरिअलस नांवाचा कोंवळा तरुण मारला जातो. त्याची मान खांद्यावर कलते, तेव्हां नांगराच्या फाळानें सहज तुटलेल्या जांभळ्या फुलाची उपमा येते. येथेंही नांगराचें फुलाशीं कांहीं वैर नाहीं. नांगर आपल्या कामानें चालला आहे. मेंढपाळ आणि नांगर हीं दोन उपमानें शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे कवीच्या मनांत काय घोळत आहे तें कळतें. मोठें कार्य पुढें जात असतां त्याच्या वाटेंत कांहीं जीव चिरडले जातात, आणि चिरडणाऱ्यास त्याची जाणीवही नसते. कथा त्या मोठ्या कार्याची आहे. उपमा मात्र त्या जीवांची आहे.

शब्दांचा क्रम हेंही ह्या कवीचें एक साधन आहे. लॅटिनमध्यें संस्कृताप्रमाणें विभक्तिप्रत्ययांनीं अन्वय लागतो, म्हणून विशेषण व विशेष्य एकमेकांपासून कितीही दूर ठेवतां येतात. शिकारीच्या वेळीं वादळ होऊन डायडो व ईनियस एकाच गुहेंत आश्रय घेतात, त्या ओळींत 'गुहा' हा शब्द अगदीं आरंभीं आहे, 'तीच' ह्या अर्थाचें त्याचें विशेषण अगदीं शेवटीं आहे, आणि दोघांचा उल्लेख मध्यें आहे. गुहेनें दोघांस जसें सर्व बाजूंनीं वेढिलें, तसें ओळीनेंही वेढिलें. वाचक ओळीच्या शेवटास पोंचतो तेव्हांच ती गुहा बंद होते. बाहेर पडण्यास वाट राहत नाहीं.

विशेषणाचाही असाच प्रकार आहे. ईनियसला कवी 'पियुस' म्हणतो. देव, पिता, कुल व देश ह्यांच्याविषयींचें कर्तव्य जो निष्ठेनें पाळतो तो पियुस. आपण त्यास धर्मनिष्ठ म्हणूं. डायडोच्या कथेचा जो चौथा सर्ग, त्यांत हें विशेषण कवी स्वतः त्यास एकदांच लावितो. आणि तें डायडोनें त्यास जळजळीत शब्दांत दोष देऊन झाल्यावर, तिचें सांत्वन करण्याची इच्छा दाबून तो गलबतांकडे जातो त्या क्षणीं. येथें ही स्तुति आहे कीं आणखी कांहीं? धर्मनिष्ठेची किंमत कोणी दिली, हें ठाऊक असलेल्या वाचकाला तो शब्द पूर्वीसारखा गोड लागत नाहीं. पुढें तिची बहीण विनवण्या करिते तेव्हां ईनियसला आल्प्स पर्वतांवरील वाऱ्यांनीं हलविलेल्या जुन्या ओक वृक्षाची उपमा दिली आहे. पानें गळतात, पण मुळें ढळत नाहींत; अश्रू व्यर्थ ओघळतात. ते अश्रू कोणाचे, हें मात्र कवी सांगत नाहीं. ते दोघी बहिणींचे असतील, किंवा त्याचेही असतील.

हाच वृक्ष पुढच्या शतकांत ल्यूकन ह्या तरुण कवीनें पुन्हा वापरला आहे. सम्राट् नीरोविरुद्धच्या कटांत सांपडल्यामुळें इ. स. ६५ मध्यें वयाच्या पंचविसाव्या वर्षीं ह्यास स्वतःच्या हातानें प्राण द्यावे लागले. सीझर व पाँपी ह्यांच्या युद्धावरील त्याच्या महाकाव्यांत सीझर ही वीज आहे, आणि वृद्ध पाँपी हा ओक आहे. पण ह्या ओकाचीं मुळें सैल झालीं आहेत. तो केवळ आपल्या वजनानें उभा आहे. पानें नाहींत, सावली पडते ती खोडाचीच. तरीही लोक पूज्य मानतात तें त्यासच. ज्यास व्हर्जिलचा वृक्ष ठाऊक आहे, त्यास ह्या उपमेंत एका राज्यपद्धतीचा अंत दिसतो. अलंकाराला जेव्हां अशी वंशपरंपरा असते, तेव्हां तो थोड्या अक्षरांत इतिहास सांगूं शकतो.

आतां 'ईनिड'चा शेवट पाहूं. टर्नस एक प्रचंड धोंडा उचलून फेंकतो, पण त्याचे गुडघे लटपटतात आणि धोंडा शत्रूपर्यंत पोंचत नाहीं. येथें स्वप्नाची उपमा आहे. झोंपेंत आपण धांवण्याची पराकाष्ठा करतों, आणि मध्येंच गळून पडतों. जीभ चालत नाहीं, शब्द फुटत नाहीं. स्वप्नाची उपमा होमरच्या 'इलियड'मध्येंही आहे. परंतु तेथें ती कोणा तिऱ्हाइताविषयीं बोलते. व्हर्जिलनें क्रियापद प्रथमपुरुषी अनेकवचनी केलें आहे. 'तो' गळून पडतो असें न म्हणतां 'आम्ही' गळून पडतों असें तो म्हणतो. नायकाच्या शत्रूची असहायता वर्णन करतांना कवी स्वतः त्याच्या अंगांत शिरतो, आणि वाचकासही बरोबर नेतो. आमच्या मतें साऱ्या काव्यांतील ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, आणि ती एका क्रियापदाच्या प्रत्ययांत आहे.

त्यानंतर टर्नस शरण येऊन आपल्या म्हाताऱ्या पित्यासाठीं दया मागतो. ईनियस क्षणभर थबकतो. इतक्यांत पॅलसला मारून टर्नसनें घेतलेला पट्टा त्याच्या खांद्यावर दिसतो, आणि क्रोधानें पेटलेला ईनियस आपली तलवार त्याच्या छातींत खुपसतो. ह्या खुपसण्याला कवीनें जें क्रियापद योजिलें आहे, त्याच धातूचें रूप काव्याच्या आरंभीं नगर 'स्थापन' करण्याच्या अर्थानें आलें आहे. लॅटिनमध्यें त्या धातूचे पायाभरणी करणें आणि आंत गाडणें हे दोन्ही अर्थ होतात. आणखी एक गोष्ट. मरतांना टर्नसचे अवयव थंडीनें गळाले, असें ज्या शब्दांनीं सांगितलें आहे, जवळजवळ त्याच शब्दांनीं पहिल्या सर्गांत वादळांत सांपडलेल्या ईनियसची भीति वर्णिली होती. पहिल्या सर्गांतला निराधार मनुष्य आणि शेवटल्या सर्गांतला मरणारा शत्रु ह्या दोघांस कवीनें एकाच वाक्यांत बसविलें आहे.

कोणी म्हणेल, हें सारें आपण काव्यावर लादीत आहांत; ऑगस्टसच्या आश्रयास असलेल्या कवीनें रोमचा गौरव करण्यासाठींच काव्य लिहिलें, आणि शेंकडों वर्षें तें तसेंच वाचलें गेलें. हा आक्षेप पोकळ नाहीं. विद्वानांमध्येंही ह्यावर मोठा वाद आहे. १९६३ सालीं अॅडम पॅरी ह्या अमेरिकन पंडितानें ह्या काव्यांत दोन स्वर आहेत असें प्रतिपादन केलें. एक विजयाचा, दुसरा हानीच्या खेदाचा. आणि तेव्हांपासून तो वाद चालू आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, पहिला स्वर ऐकण्यास कथा पुरते. दुसरा ऐकावयाचा तर अलंकारांकडे कान द्यावा लागतो. कवी रोमचा द्वेष्टा नव्हता. रोम व्हावें असें त्यासही वाटत होतें. परंतु त्यासाठीं कोणी काय दिलें, ह्याचा जमाखर्च त्यानें उपमेंत, विशेषणांत व शब्दांच्या क्रमांत लिहून ठेविला.

हा विचार आपल्याकडे नवीन आहे असेंही नाहीं. नवव्या शतकांत काश्मीरांत होऊन गेलेल्या आनंदवर्धनानें 'ध्वन्यालोक' ग्रंथांत हेंच बजावलें आहे कीं, अलंकार रसाच्या अधीन असावा, वेळीं घ्यावा व वेळीं सोडावा, आणि त्यासाठीं वेगळा खटाटोप करावा लागूं नये. आपण त्या आचार्याचें नांव आदरानें घेतों, आणि मुलांना मात्र अलंकारांचीं नांवें पाठ करावयास लावितों.

म्हणून आमची घरांतील वडील मंडळींस एक विनंति आहे. मूल अलंकार ओळखून मोकळें झालें म्हणजे त्यास आणखी दोन प्रश्न विचारावेत. उपमान हेंच कां निवडलें, दुसरें कां नाहीं? आणि हा अलंकार कोणाच्या बाजूनें बोलतो. जो जिंकला त्याच्या, कीं ज्याच्याकडे कथेनें पाठ फिरविली त्याच्या? ह्या प्रश्नांस परीक्षेंत गुण नाहींत. परंतु ज्यास ते विचारण्याची संवय लागली, तो मुलगा किंवा ती मुलगी पुढें काव्यच नव्हे, तर कोणाच्याही विजयाची हकीकत वाचतांना बाण लागलेली हरिणी कोठें आहे तें शोधील.